मिठाची रांग

रांगेत पातेलं उघडं ठेवायचं, असा हुकूम होता. झाकण काखेत, पातेलं दोन्ही हातांत, आणि पुढं टेबलाशी मिशीवाला शिपाई. त्यानं चमच्यानं मीठ पातेल्यात घालायचं, आपल्याच पळीनं ढवळायचं, विरघळलं का ते वाकून बघायचं आणि मग मान हलवायची. कोरडं मीठ म्हणून गावात कुणाच्या हाताला लागता कामा नये. दुकानातली पोती छावणीत गेली होती. घरोघरच्या बरण्या उलट्या करून झाल्या होत्या.

छावणीच्या साहेबांचं म्हणणं सरळ होतं. रानात लपलेल्या बंडखोरांना कंद आहेत, फळं आहेत, शिकार आहे, पाणी आहे. मीठ तेवढं नाही. त्यात उन्हाळ्याचे दिवस. घाम गाळणाऱ्या माणसाला मीठ मिळालं नाही की तो आपणहून पाय ओढत खाली येतो, गोळी झाडायलाही नको. साहेबांनी हे गाव गोळा करून नीट समजावून सांगितलं होतं. वर, तुम्हाला थोडा त्रास होईल, वाईट वाटून घेऊ नका, असंही म्हणाले होते. माणूस तसा वाईट नव्हता. वाईट असता तर बायकांना त्याला मनमोकळ्या शिव्या तरी देता आल्या असत्या.

खरी लाज वेगळीच होती. आजवर कुणाच्या चुलीवर काय शिजतं हे ज्याचं त्याला ठाऊक असायचं. आता सगळ्या गावाची पातेली उघडी. सुताराच्या बायकोच्या पातेल्यात रोज तीच पाल्याची भाजी, आणि ती ऐटीत सांगायची, "आमच्याकडं मांस आवडतच नाही कुणाला." शिंपिणीच्या पातेल्यात एकदा नुसतं पाणीच निघालं. मिशीवाला म्हणाला, "हे काय शिजवणार?" ती म्हणाली, "घरी जाऊन घालते आत काहीतरी." मागं कुणीतरी फिसकन हसलं, आणि शिंपीण त्या दिवसापासून रांगेत मान वर करेना.

परटिणीच्या पातेल्यात मात्र रोज सालासकट बटाटे. काठोकाठ पाणी आणि तळाशी चार बटाटे.

"मावशी, रोज बटाटे? कंटाळा नाही येत?" मिशीवाल्यानं एकदा विचारलं.

"दात कुठं राहिलेत बाबा आमच्या म्हाताऱ्याला? उकडून कुस्करून देते झालं."

"पाणी केवढं घेतेस! एवढ्याला मीठ जास्त लागतं."

"मग घाल की जास्त. तुझ्या घरचं जातंय का?"

शिपाई हसला आणि त्यानं अर्धा चमचा आणखी घातला. परटीण पातेलं सावरत घरी निघाली. पाण्याचा थेंबही सांडू नये म्हणून पाऊल जपून टाकायची.

घरी आल्यावर ती पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यायची, बटाटे साध्या पाण्यात धुवायची आणि मग ते चुलीवर ठेवायची. म्हातारा परीट इस्त्रीच्या टेबलाशी बसून हे बघायचा आणि तोंड वाकडं करायचा.

"आजही अळणीच का?"

"आजही अळणीच."

"जाताना आपल्याला विचारून गेली होती का ती?"

"नाही."

"मग?"

"मग काय? खा मुकाट्यानं."

म्हातारा खायचा. दोन घास घशाखाली उतरले की पाणी प्यायचा, परत दोन घास. कुरकुर करायचा, पण एक दिवसही त्यानं मिठाचं भांडं ओढून घेतलं नाही, हे परटीण मनात धरून होती.

थोरली लेक रानात गेली त्याला पाऊस-हिवाळा उलटून गेला होता. जावयाला चौकशीसाठी छावणीत नेलं होतं, आणि तो परत आला तो चादरीत गुंडाळून. ती चादर छावणीचीच, धुवून परत पाठवा असा निरोप आला. परटिणीनं धुवायला घेतली. लेक घाटावर शेजारी बसून बघत होती, हात लावत नव्हती, रडतही नव्हती. चादर वाळली, तिची घडी झाली, आणि दुसऱ्या दिवशी लेक घरात नव्हती.

तिची खबर आणायची मोळीवाली. परटिणीच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. छावणीच्या भटारखान्याला लाकूड लागायचं, म्हणून तिला रानाच्या कडेपर्यंत जायची परवानगी होती. नाक्यावर तिची झडती व्हायची, केस सोडून बघायचे, पायातल्या वहाणा काढायला लावायचे. बाई फाटक्या तोंडाची. झडती घेणारा पोरगेला शिपाई तिच्यापुढं लाजून लाल व्हायचा. "बघ बघ, नीट बघ, घरी जाऊन सांग बायकोला कशी असते म्हातारी," असं म्हणत ती दोन्ही हात वर करून उभी राहायची.

एक दिवस ती मोळी टाकून सरळ परटिणीच्या ओसरीवर येऊन बसली. नेहमीची बडबड नाही.

"काय गं?"

"वहिनी, पोर पार वाळलीये. पोटऱ्यांत गोळे येतात, रात्रभर ओरडते म्हणे. उठून उभी राहिली की डोळ्यांपुढं अंधारी. एकटी तीच नाही, सगळेच तसे झालेत. पण ती जास्त."

"काही बोलली?"

"आई कशी आहे म्हणाली. मी म्हटलं, आहे, धडधाकट आहे." मोळीवालीनं अंगातल्या सदऱ्याच्या बाहीनं नाक पुसलं. काट्याकुट्यात हात ओरबाडू नयेत म्हणून ती वरून मेलेल्या नवऱ्याचा जाड सदरा घालायची. परटिणीची नजर त्या सदऱ्यावर खिळली. जन्म कपड्यांत गेलेला. कुठलं कापड किती पाणी पितं, हे तिला बोटं लावून कळायचं.

"हा सदरा दे इकडं," ती म्हणाली. "धुवून देते."

तेव्हापासून हे सुरू झालं. मिठाचं पाणी चुलीवर आटवायचं, निम्म्याचं निम्मं करायचं, त्यात सदरा भिजत घालायचा, वाळवायचा, परत भिजवायचा. वाळवायचा तो घरातच, आढ्याखालच्या दोरीवर. बाहेर टाकला तर गावातल्या शेळ्या धावून येतात, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. वाळल्यावर सदरा असा कडक व्हायचा की उभा ठेवला तर उभा राहावा. पण परटिणीच्या घरचा कपडा कडकच असणार, खळ घातलेला. नाक्यावरच्या शिपायानं बाही चाचपून बघितली आणि म्हणाला, "लाकडं तोडायला इस्त्रीचा सदरा? थाट आहे म्हातारे!"

"मग! भेटायला जाते मी माझ्या यारांना," मोळीवाली म्हणाली, आणि नाक्यावरचे सगळे खो खो हसले.

परतताना तिच्या अंगात तसलाच, पण दुसरा, मागच्या खेपेला रानात ठेवलेला मळका सदरा असायचा. दिवसभर रानात राबलेल्या बाईचा सदरा मळणारच, कोण कशाला बघतंय? रानात तो कडक सदरा पाण्यात पिळून घ्यायचे आणि ते पाणी कंदात घालून शिजवायचे.

एका घराच्या पातेल्यानं सगळ्या रानाला काय पुरणार? पण गावाला वास लागायला वेळ लागत नाही. परटिणीनं कुणाला एक शब्द सांगितला नव्हता. तरी एक दिवस सुताराच्या बायकोनं धुवायला दिलेल्या गाठोड्यात एक पंचा निघाला, ओला, चिकट. परटिणीनं जिभेला लावून बघितला. खारट! दुसऱ्या दिवशी शिंपिणीच्या गाठोड्यात उशीचा अभ्रा. मग दुकानदाराच्या घरचा टॉवेल. ज्याची पोती जप्त झाली होती तो दुकानदार! प्रत्येक घर आपल्या पातेल्यातलं थोडं पाणी कापडात टिपून घ्यायचं आणि मळक्या कपड्यांत घालून परटिणीकडं पाठवायचं. वाटेत भेटल्या तरी या बायका तिच्याशी उन्हाबद्दल बोलायच्या, विहिरीबद्दल बोलायच्या, याबद्दल चकार शब्द नाही. परटिणीला भरून यायचं. लेकीच्या लग्नात मानपानावरून तिच्याशी कडाकडा भांडलेली सुतारीण, आणि आता घरात अळणी खाऊन पंचा पाठवत होती. तिचं कुणी रानात नव्हतंसुद्धा.

ते कपडे ती एका टोपात खळखळून घ्यायची आणि मग आटवायची. हात आधीच साबणानं उललेले, त्यात मीठ. रात्री बोटांची आग आग व्हायची. त्या आगीचं तिला बरं वाटायचं. लेकीच्या दुखण्यात आपला थोडा वाटा पडल्यासारखं.

पंधरवड्यानं मोळीवाली सांगत आली, "उठून बसते आता. काल स्वतः पाणी आणायला गेली झऱ्यावर. मला म्हणाली, सदऱ्याची तुटलेली बटणं लावत बसू नकोस म्हणावं आईला, उगाच हात दुखवते." परटीण हसली, आणि पदरानं डोळे टिपत पुन्हा हसली. म्हातारा टेबलाशी पाठमोरा उभा होता. त्यानं इस्त्री इतका वेळ एकाच जागी ठेवली की कापड करपायचं थोडक्यात राहिलं.

पण छावणीला कळत होतंच की रान अजून वाकत नाही. घरांच्या झडत्या पुन्हा सुरू झाल्या. या वेळी शिपाई चुलीपाशी जाऊन भांड्यांत बोटं घालून बघत होते. सुताराच्या घरापर्यंत आले, तेव्हा परटिणीच्या तोंडचं पाणी पळालं. आटवलेलं पाणी भांडंभर तयार होतं. ओतून द्यावं तर सगळ्या गावाच्या तोंडचा घास. तिनं खळीचं पातेलं ओढलं, आतली खळ मोरीत ओतली, त्यात हे पाणी घातलं आणि वरून मूठभर कांजीचं पीठ कालवून ते पांढरं गढूळ करून टाकलं. पातेलं इस्त्रीच्या टेबलाखाली, नेहमीच्या जागी. शिपाई आले, चूल उकरली, पाण्याचे हंडे बघितले, पातेल्याकडं बघून "खळ का?" म्हणाले आणि गेले.

तिला हायसं वाटलं. बटाट्याचं पातेलं घेऊन ती रांगेत जायला निघाली. उशीर झाला होता आणि मिशीवाला उशीर खपवून घेत नसे. म्हातारा तेव्हा परसात होता. आल्यावर सांगू, असं तिनं मनाशी म्हटलं.

ती रांगेत उभी असताना छावणीतून माणूस घरी आला. मोठे साहेब तपासणीला येतायत, साहेबांचा गणवेश असा कडक पाहिजे की कागद वाटला पाहिजे, आणि आत्ताच्या आत्ता. म्हाताऱ्याला काम आवडायचं, आणि साहेबी कपड्याचं तर जास्तच. बिचाऱ्यानं टेबलाखालचं पातेलं ओढलं, गणवेश खळीत बुचकळला, पिळला, उन्हात धरला आणि अर्धवट ओला असतानाच कोळशाच्या इस्त्रीनं कडकडीत करून दिला. बाहीची धार अशी, की बोट कापावं. ज्या युक्तीनं शिपाई फसले, त्याच युक्तीनं घरचा माणूस फसला. परटीण परत आली तेव्हा पातेलं निम्मं झालं होतं.

"अहो, ही खळ कुणी वापरली?"

"मी. साहेबांचा गणवेश केला. का?"

परटीण मटकन खाली बसली. म्हाताऱ्यानं बोट बुडवून जिभेला लावलं.

"जाऊन परत मागतो," तो म्हणाला. "म्हणतो, डाग राहिलाय."

"घातला असेल त्यांनी एव्हाना."

घातला होता. छावणीच्या मैदानात ऊन रणरणत होतं. मोठ्या साहेबांच्या मागोमाग छावणीचे साहेब, आणि समोर खेचरांची ओळ, कारण मोठ्या साहेबांना खेचरं बघायची होती. खेचरवाला शिपाई लगाम धरून ताठ उभा. लांबच्या डोंगराळ मुलखातला पोरगा, खेचरं पाणी पाजायला घाटावर आणायचा आणि परटिणीला मावशी म्हणून हाक मारायचा. साहेबांच्या अंगाला घाम फुटला, गणवेश ओलावला, आणि ओळीतल्या पहिल्याच खेचरीनं मान लांब करून त्यांची बाही चाटली. साहेबांनी हात मागं घेतला. खेचरीनं कोपर चाटलं. मग शेजारचं खेचर पुढं सरकलं आणि त्यानं पाठ चाटायला घेतली, खालपासून वरपर्यंत, चवीनं. शिपायांच्या ओळीत कुणीतरी फुरकन हसलं. मोठ्या साहेबांचीही मिशी हलली.

"साहेब, घाम चाटतात ती," खेचरवाला घाईनं म्हणाला. "उन्हाळ्यात जनावराला तेवढंच पाहिजे असतं."

"मग तुला का नाही चाटत?" साहेबांनी विचारलं. त्यांनी बाही उचलली, ओठांशी नेली, आणि त्यांचा चेहरा बदलला.

संध्याकाळच्या आत दोघा म्हाताऱ्यांना छावणीत नेलं. साहेब टेबलामागं, अंगात अजून तोच गणवेश, बाहीवर जनावराची लाळ वाळलेली. मिशीवाल्यानं आधी म्हाताऱ्याच्या थोबाडीत एक ठेवून दिली. म्हातारा भिंतीला टेकला आणि म्हणाला, "खळ आहे साहेब, खळच आहे."

"गप्प बस. बाई, तुम्ही सांगा. मीठ कुठून आणलं?"

परटिणीला खोटं सुचेना. तिच्या तोंडून जे निघालं ते ती काही धिटाईनं बोलली नाही, भीतीनं बोलली.

"तुमच्या माणसानंच घातलं, साहेब. रोज घालतो पातेल्यात. आम्ही फक्त खाल्लं नाही."

साहेब खुर्चीत पुढं वाकले. "आम्ही म्हणजे कोण?"

तिनं म्हाताऱ्याकडं बघितलं.

"मुलगी आहे ना रानात?"

"आहे."

"तिच्याकडं कोण नेतं?"

"कुणी नेत नाही. साठवत होते."

"बाई, मला काय दूधखुळा समजता?" साहेबांनी टेबलावर मूठ आपटली, पण त्यात जोर नव्हता. ते विचार करत होते. दुकान बंद करता येतं, पोतं कुलपात घालता येतं. पण माणसानं आपल्या ताटातला घास खाल्ला नाही, तर त्याला कुठल्या कलमाखाली धरणार? आणि धरायचं तर किती जणांना? तुरुंगात गाव घातलं, तर छावणीचे कपडे कोण धुणार, लाकूड कोण आणणार? शेवटी त्यांनी म्हाताऱ्याची इस्त्री जप्त केली आणि दोघांना घरी सोडलं. वाटेत म्हातारा सुजलेला गाल धरून एवढंच म्हणाला, "माझ्यामुळं झालं गं."

"तुमच्यामुळं नाही. मीच नाही सांगितलं," ती म्हणाली, आणि तिनं भर रस्त्यात त्याचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी नवा हुकूम निघाला. घरी चूल पेटवायची नाही. सगळ्या गावानं छावणीच्या मैदानात पंगतीनं बसायचं, तिथंच जेवायचं, आणि उठताना तोंड उघडून दाखवायचं. कपड्यात मीठ मुरवता येतं हे आता छावणीला कळलं होतं, म्हणून नाक्यावर पाण्याचं पिंप ठेवलं. मोळीवालीचा सदरा त्यात बुचकळून पिळायचे आणि मगच तिला पुढं सोडायचे. ती ओल्याच सदऱ्यानं रानात जायची आणि तशीच रिकामी यायची. आठवड्यानं ती परटिणीच्या शेजारी पंगतीत बसली आणि मान खाली घालून म्हणाली, "वहिनी, परत आडवी झालीये पोर. आज मला ओळखायलाच वेळ लागला तिला."

पुढ्यात बटाट्याचा रस्सा होता, गरम, तिखट, आणि बेताच्या मिठाचा. साहेब पंगतीतून फिरत होते. परटिणीपाशी थांबले. "जेवा, बाई."

परटिणीनं घास तोंडात घातला. इतक्या दिवसांनी मिठाची चव लागली. जिभेला, टाळूला, अगदी कानशिलापर्यंत लागली. आणि चांगली लागली. पोर तिकडं मरायला टेकली आहे आणि आपल्याला जेवण चांगलं लागतंय, या विचारानं तिला असं रडू फुटलं की घास घशात अडकला. शेजारी म्हातारा ताटाकडं बघत बसला होता. साहेब पुढं निघून गेले.

तपासणीच्या दिवसाची शिक्षा म्हणून खेचरवाल्याला खेचरं सांभाळून वर वाढपीही केलं होतं. तो रश्शाची बादली घेऊन तिच्यापुढं वाकला आणि पळी बादलीत उगाच फिरवत राहिला.

"मावशी, रडू नका. ऐका. मागं माझी एक खेचरी रानात पळाली होती. चार दिवसांनी परत आली, लंगड्या पायाला रानातल्या कुणीतरी चिंधी बांधून पाठवली होती. सरकारी जनावर, गेलं असतं तर माझी नोकरी गेली असती." त्यानं साहेब कुठवर गेलेत ते बघितलं. "उद्यापासून खेचरं ओंडके ओढायला रानाच्या कडेला जाणार आहेत. त्यांना चाटायला मिठाचे खडे देतात, हे एवढाले. ते तुमच्या मिठाच्या हुकुमात धरत नाहीत. जनावरं असतात, एखादा खडा कुठं पाडतात, कुठं नाही. मोळीवाल्या काकूंना सांगा, चालताना जरा पायाखाली बघा म्हणावं."

मोळीवाली ताटात बघून जोरजोरात घास चावू लागली. परटिणीनं पदरानं तोंड पुसलं, अडकलेला घास गिळला आणि रिकामं ताट त्याच्यापुढं सरकवलं.

"वाढ अजून," ती साहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "आणि ह्यांनाही वाढ. दोघंही पोटभर जेवणार आहोत आज."